बेरूतहून लंडनला: साकीची पुस्तकं

आपण मराठी वाचक अरबी कादंबरी वाचतो ती बहुतेक वेळा इंग्रजीतून, नाहीतर इंग्रजीवरून मराठीत आलेली. म्हणजे कैरोच्या किंवा बगदादच्या लेखकाचं कोणतं पुस्तक पुण्या-नागपूरपर्यंत पोहोचणार, हे बरंचसं लंडन-न्यूयॉर्कच्या प्रकाशकांच्या हातात असतं. त्यांचा हात अरबीच्या बाबतीत अनेक वर्षं आखडलेलाच होता. समीक्षक एडवर्ड सैद यांनी १९९० साली एका लेखात आपला अनुभव लिहिला आहे. इजिप्तचे कादंबरीकार नजीब महफूज यांना नोबेल मिळालं १९८८ मध्ये. त्याच्या आठ वर्षं आधी न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने सैद यांच्याकडे तिसऱ्या जगातल्या चांगल्या पुस्तकांची यादी मागितली होती. यादीत महफूज वरच्या जागी होते. पुढे त्यांची पुस्तकं घेतली नाहीत असं कळलं, आणि कारण काय, तर अरबी ही वादग्रस्त भाषा आहे!

एखादी भाषाच वादग्रस्त ठरवली जात होती त्या काळात दोन लेबनानी मित्रांनी लंडनमध्ये अरबी पुस्तकांचं दुकान थाटलं होतं. आंद्रे गास्पार आणि मै घुसूब हे लहानपणापासूनचे मित्र. दोघंही डाव्या विचारांचे. १९७५ मध्ये लेबनानमध्ये यादवी युद्ध पेटलं. १९७७ मध्ये एका जखमीला इस्पितळात नेत असताना मै यांच्या गाडीवर तोफगोळा आदळला आणि त्यांचा एक डोळा गेला. तेव्हा त्या पंचविशीत होत्या. त्यानंतर त्यांनी बेरूत सोडलं, आणि १९७८ मध्ये वेस्टबोर्न ग्रोव्हवर, एका जुन्या व्हिक्टोरियन इमारतीत, ‘अल साकी’ हे दुकान उघडलं.

या दुकानाचं गिऱ्हाईक मोठं मजेशीर होतं. लंडनमध्ये राहणारे अरब विद्यार्थी, परागंदा कवी आणि पत्रकार यायचेच. पण उन्हाळ्यात आखाती देशांतून सुट्टीवर आलेली कुटुंबंही यायची आणि स्वतःच्या देशात बंदी असलेली पुस्तकं घेऊन जायची. धर्मावर प्रश्न विचारणारी, राजकारणावर तिखट लिहिणारी, स्त्री-पुरुष संबंधांवर उघड बोलणारी पुस्तकं घरापासून हजारो मैलांवर, पण आपल्याच भाषेत, फळीवर मांडलेली दिसायची. इंग्रजी वाचकही त्याच दारातून आत यायचा. दोन्ही वाचकांच्या हातात काय जातं आणि काय तसंच पडून राहतं, हे मालकांना रोज समोर दिसत होतं. मला वाटतं, साकीच्या प्रकाशनाची खरी तालीम या गल्ल्यावर झाली. मोठ्या प्रकाशनगृहातल्या संपादकाला सहसा अरबी येत नाही. अनुवादाची नमुन्याची वीस-तीस पानं वाचून आणि कुणाच्या तरी शिफारशीवर त्याला निर्णय घ्यावा लागतो. इथे निर्णय घेणाऱ्यांनी मूळ पुस्तक वाचलेलं असायचं, आणि ते वाचणारी माणसंही ओळखीची असायची.

दुकानाच्या जोडीला प्रकाशन सुरू झालं ते १९८० च्या दशकात. सुरुवातीच्या पुस्तकांतलं एक आजही खपतं: अमीन मालूफ यांचं ‘द क्रुसेड्स थ्रू अरब आईज’. मालूफही बेरूत सोडून आलेले, पण पॅरिसला. मूळ पुस्तक फ्रेंचमध्ये लिहिलेलं. साकीने १९८४ मध्ये ते इंग्रजीत आणलं. युरोपात शाळेपासून सगळ्यांना ठाऊक असलेली धर्मयुद्धं मालूफ यांनी इब्न अल-असीर, उसामा इब्न मुन्किझ अशा अरब इतिवृत्तकारांच्या नोंदींवरून सांगितली. जेरुसलेम जिंकून घेणारे शूर सरदार इथे परक्या मुलखातून आलेले ‘फ्रांज’ (म्हणजे फ्रँक) म्हणून दिसतात: लढाईत भयंकर, वैद्यकीत अडाणी. इंग्रजी वाचकाला आपलाच इतिहास दुसऱ्या काठावरून दाखवण्याची ही निवड किती अचूक होती! इतक्या लहान प्रकाशनाला असं एक पुस्तक पुढची कित्येक वर्षं तारून नेतं.

त्यानंतरची यादी वाढत गेली. कवी अडोनिस यांची अरबी काव्यविचारावरची व्याख्यानं, फातिमा मर्निसी यांचं मोरोक्कोतल्या स्त्री-पुरुष संबंधांवरचं ‘बियाँड द व्हेल’ अशी वैचारिक पुस्तकं आली. पुढे ‘टेलिग्राम’ या नावाने कथा-कादंबऱ्यांची वेगळी शाखा निघाली. तिने २००६ मध्ये पॅलेस्टिनी आणि लेबनानी लेखिकांच्या कथांचे दोन स्वतंत्र संग्रह काढले. बेरूतमध्ये ‘दार अल साकी’ हे अरबी प्रकाशन उभं राहिलं, म्हणजे परदेशात सुरू झालेली संस्था संस्थापकांच्या मायदेशीही पोहोचली. मै स्वतः शिल्पकार आणि लेखिका होत्या; युद्धाच्या आठवणींवरचं त्यांचं ‘लीव्हिंग बेरूत’ १९९८ चं. २००७ मध्ये त्या अचानक गेल्या, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी. पुढच्या पिढीतल्या लिन गास्पार यांनी नंतर इंग्रजी प्रकाशनाची धुरा घेतली.

साकीच्या यादीतलं माझं आवडतं पुस्तक मात्र अगदी छोटं आहे. महफूज यांच्या जुन्या कागदपत्रांत २०१८ मध्ये अठरा कथा सापडल्या. गठ्ठ्याबरोबर एक चिठ्ठी होती: १९९४ मध्ये प्रकाशित करायच्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कैरोत घराबाहेर एका धर्मांध तरुणाने महफूज यांच्या मानेत सुरा खुपसला. ते वाचले, पण उजव्या हाताच्या नसांना इजा झाली आणि लिहिणं फार कष्टाचं होऊन बसलं. कथा तशाच राहिल्या. रॉजर अॅलन यांनी त्यांचा अनुवाद केला आणि साकीने २०१९ मध्ये ‘द क्वार्टर’ या नावाने पुस्तक काढलं. कैरोतली एक गल्ली, तिचा शेख, मशिदीचा इमाम, वेडसर समजली जाणारी माणसं, जुना किल्ला आणि त्याच्याविषयीच्या वावड्या. काही कथा दोन-तीन पानांतच आटोपतात. महफूज यांनी उभ्या आयुष्यात ज्या गल्लीवर लिहिलं, तिच्यावरची ही थकलेल्या पण पक्क्या हाताची, उतारवयातली कामं आहेत. एवढ्याशा पुस्तकात धंदा फारसा नसतो. तरी ते नेटकं छापावं, चांगल्या अनुवादकाकडे द्यावं, असं वाटणारं कुणीतरी लागतं.

इराकवर बॉम्ब पडले की इराकी लेखक शोधायचे, सीरिया पेटला की सीरियन, ही मोठ्या प्रकाशकांची रीत मला खटकते. साकीनेही युद्धकाळात पुस्तकं काढली. २०१४ चं ‘सीरिया स्पीक्स’ हे तिथल्या बंडाच्या काळातल्या चित्रांचं, लेखनाचं संकलन त्यांचंच. पण बातमी शिळी झाल्यावरही ते त्याच मुलखात राहिले. सेल्मा दब्बाग यांनी संपादित केलेलं ‘वी रोट इन सिम्बल्स’ २०२१ मध्ये आलं: अरब स्त्रियांनी प्रेम आणि कामभावनेवर केलेलं लेखन, जुन्या कवयित्रींपासून आजच्या लेखिकांपर्यंत. अरब बाई म्हणजे बुरख्याआडची मुकी बाई असं समजणाऱ्याने ते जरूर चाळावं.

दुकान मात्र राहिलं नाही. जुलै २०२१ मध्ये लंडनमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला, तळघरात पाणी शिरलं आणि पुस्तकांचा साठा भिजला. वाचकांनी वर्गणी काढून हात दिला. पण अरबी पुस्तकांच्या किमती भडकल्या, चलनाचे दर फिरले, आणि ३१ डिसेंबर २०२२ ला चव्वेचाळीस वर्षांचं दुकान बंद झालं. अरबी-इंग्रजी साहित्याची देवाणघेवाण करणारं ‘बानिपाल’ हे लंडनचं नियतकालिकही पंचाहत्तर अंक काढून त्याच वर्षी थांबलं. अरबी साहित्यावर प्रेम करणाऱ्यांसाठी ते वर्ष वाईटच गेलं.

दुकान मिटलं तरी इंग्रजी प्रकाशन आणि बेरूतचं दार अल साकी ही दोन्ही कामं चालू राहिली. ज्याला या यादीत शिरायचं आहे त्याने मालूफपासून सुरुवात करावी, मग ‘द क्वार्टर’ घ्यावं. दोन्ही पुस्तकं मिळवायला फार अडचण येत नाही. अडोनिस त्यानंतर, सवडीने, कारण ती व्याख्यानं हळूहळूच वाचावी लागतात. आणि मराठीत यातलं काही आणायची कुणा अनुवादकाची इच्छा असेल, तर माझं मत ‘द क्वार्टर’ला. तेवढं मात्र इंग्रजीवरून नको, थेट अरबीवरून व्हावं.