एअर सस्पेन्शनची उंची: बटण कधी दाबायचं?

१९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात मर्सिडीज बनू लागली, २००९ मध्ये कारखाना चाकणला आला. आज तिथे जुळणी होणाऱ्या एस-क्लास आणि जीएलएसमध्ये स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. गाडी किती वर आहे हे सस्पेन्शनला जोडलेले सेन्सर सांगतात. त्यानुसार कॉम्प्रेसर हवा भरतो किंवा व्हॉल्व्ह ती सोडतो. मागे चार बॅगा टाकल्या तरी गाडी बसत नाही, ती यामुळेच.

चाकण-तळेगाव रस्त्यावरचे खड्डे, सोसायटीचा उंच स्पीडब्रेकर, बेसमेंटचा रॅम्प यांच्या आधीच, इंजिन चालू ठेवून, उंची वाढवा. अडथळ्यावर पोहोचल्यावर बटण दाबून उपयोग नाही, गाडी उचलायला थोडा वेळ लागतो. वेग वाढला की ती आपोआप खाली येते, ते बरोबरच आहे.

पंक्चर काढताना जॅक लावण्यापूर्वी मॅन्युअलमध्ये बघून लेव्हलिंग, म्हणजे उंची आपोआप राखणं, बंद करा. नाहीतर चाक उचललेलं असतानाही यंत्रणा उंची बदलू शकते. गाडीखाली हात तर घालूच नका.

गाडी खाली दिसावी म्हणून सेन्सरच्या लिंकची लांबी बदलून देणारेही भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. सेन्सर फसतो, टायर आतून झिजतात. उंची बदलायचीच तर स्कॅनरवर कॅलिब्रेशन आणि मग व्हील अलाइनमेंट.

सकाळी एकच कोपरा बसलेला दिसला, तर फुग्यावर आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की गळती तिथेच. दुरुस्ती लांबवलीत तर सतत चालून कॉम्प्रेसरही जातो.