सरकारनं कुठे थांबायचं?

शनिवारच्या जेवणाला चार मराठी कुटुंबं जमली आणि टॅक्सचा विषय निघाला, की निम्मी मंडळी लिबर्टेरियन होतात. मीही त्यातलाच. सरकारनं पोलीस आणि कोर्टं सांभाळावीत, बाकी आम्हाला मोकळं सोडावं! २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टानं गर्भपाताच्या हक्काचा १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द केला. त्याच आठवड्यात आमच्या सोळा वर्षांच्या कन्येनं विचारलं, "बाबा, मग इथे पण सरकार बाहेरच ना?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

खरं म्हणजे लिबर्टेरियन पक्षालाही ते कधी नीट जमलेलं नाही. १९७१ साली स्थापन झालेल्या या पक्षाचं तत्त्व सोपं आहे: माझं शरीर माझ्या मालकीचं, आणि दुसऱ्यावर आपण होऊन बळजबरी करायची नाही. पहिल्या भागावर जोर दिला की निर्णय बाईचा. पण गर्भ हाच तो 'दुसरा' मानला, की तेच तत्त्व बंदीच्या बाजूनं बोलू लागतं. १९८८ चे त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार रॉन पॉल बाळंतपणं करणारे डॉक्टर, गर्भपाताचे पक्के विरोधक. २०२४ चे चेस ऑलिव्हर नेमके दुसऱ्या बाजूचे.

सरकारनं या बाबतीत पडू नये, असं कलम पक्षाच्या जाहीरनाम्यात अनेक वर्षं होतं. मे २०२२ मध्ये रेनोच्या अधिवेशनात ते काढून टाकलं, कोर्टाच्या निकालाआधी जेमतेम महिनाभर! ज्या वेळी बोलायला हवं, त्याच वेळी मौन. २०१६ साली गॅरी जॉन्सनना जवळजवळ ४५ लाख मतं होती, २०२४ साली ऑलिव्हरना साडेसहा लाख. त्याला कारणं बरीच, सगळा दोष या एका कलमाला देता येणार नाही. पण ऑगस्ट २०२२ मध्ये रिपब्लिकन कॅन्ससनं राज्यघटनेतला गर्भपाताचा हक्क काढायला सुमारे ५९ टक्के मतांनी नकार दिला. म्हणजे 'सरकार बाहेर' म्हणणारे मतदार होते, पक्षच त्यांच्यापर्यंत गेला नाही.

माझं उत्तर आज "हो, बाहेरच" असं आहे. पण एक गाठ सुटत नाही. गर्भलिंग चाचण्यांना आवर घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्रानं केला, आणि तो मला आजही योग्य वाटतो. मुलगी म्हणते, "मग तुम्ही लिबर्टेरियन कसले?"

वाचकांपैकी कोणाला हे दोन्ही एकत्र बसवता आलं असेल, तर जरूर लिहा.