जुनी कटर मशीन आणि अम्मीची अट

पंढरपुरात आमचे सुतारकामाचे दुकान आहे. चौरंग, पाट, देव्हारे, चिपळ्या आणि रेहल ही आमची रोजची कामे. आपल्या घरी कुरआन शरीफ ठेवायला जी रेहल लागते, तीच ज्ञानेश्वरीच्या पारायणासाठी वारकरीही घेऊन जातात. आषाढीच्या आधी दोन महिने दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दुकानाचा हिशेब मी लिहिते. त्यामुळे आमच्या घरात कटर मशीनवरून जो वाद झाला, त्याचा जमाखर्चही माझ्याच वहीत आहे.

भाईजान फळ्या हातातल्या कटरने कापत. रेघ सरळ येत नसे, मग प्रत्येक फळीची कड रंध्याने पुन्हा काढावी लागे. टेबलाखालून पाते वर येते ती मशीन हवी होती. नवी चांगली मशीन आवाक्याबाहेरची आणि कर्ज काढायचे नाही, यावर घरात एकमत. तेवढ्यात मिरजेकडच्या एका बंद पडलेल्या वखारीत जुनी बिडाची मशीन विकायची आहे, असे कळले.

अम्मीने साफ नकार दिला. कारण आम्हा सगळ्यांना माहीत होते. मी लहान असताना अशाच मशीनवर अब्बांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. लाकूड कापताना वीज गेली, तुकडा पात्यात अडकला. अब्बा तो हाताने काढत होते आणि वीज परत आली. खटका चालूच राहिला होता. मशीनवर झाकण नव्हते. कोणाच्याच मशीनवर तेव्हा नसायचे.

दोन दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अम्मी म्हणाली, "आणा मशीन. पण झाकण बसल्याशिवाय आणि वीज आल्यावर ती आपोआप सुरू होणार नाही, अशी सोय केल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. पहिला खटका मी दाबणार."

मशीन पाहायला अब्बा स्वतः गेले. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांकडे आपल्या भीमाकाठचे भोपळे जातात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तो रस्ता अब्बांच्या पायाखालचा. वखारीत मशीन लाकडाच्या ढिगाखाली होती. अब्बांनी आधी टेबल पुसले, त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि पट्टीखालून उजेड येतो का ते चारी बाजूंनी पाहिले. मग बिडाला हातोडीने हलकेच ठोकले. बीड अखंड असेल तर खणखणीत वाजते, भेग असेल तर बद्द आवाज येतो. भेगाळलेल्या बिडाला वेल्डिंग सहजी धरत नाही, म्हणून अशी मशीन कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहिला. तो खडखडला, म्हणजे बेअरिंग गेले होते. पण ते बदलता येते. गंज आणि बेअरिंग दाखवून अब्बांनी भाव भंगाराच्या दरापेक्षा थोडाच वर आणला.

दुकानात आल्यावर भाईजानने पात्याची नट उघडायला घेतली. जोर लावूनही ती हलेना, तेव्हा त्याने हातोडा उचलला. अब्बा म्हणाले, "थांब बेटा, आटे कुठल्या बाजूचे आहेत ते बघ आधी." आटे उलटे होते. चालताना नट सैल होऊ नये म्हणून काही मशीनवर तसे असतात. भाईजान इतका वेळ नट आवळतच होता.

टेबलावरचा गंज डिझेल आणि एमरी पेपरने काढला. नट-बोल्ट अम्मीच्या सांगण्यावरून रात्रभर सिरक्यात बुडवून ठेवले. सकाळी ब्रशने घासल्यावर गंज सुटला. सिरक्याचा आंबटपणा राहिला तर लोखंड पुन्हा गंजते, म्हणून ते खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, पुसून तेल लावले. टेबलाला शेवटी मेण चोळले. त्याने लाकूड सरकते आणि पावसाळ्यात गंजही कमी धरतो.

बेअरिंगवर 6205 असा आकडा कोरलेला होता. शेवटच्या दोन आकड्यांना 5 ने गुणले की आतल्या भोकाचे माप मिळते, म्हणजे 25 मिलिमीटर. शाफ्टही तेवढाच भरला. असे बेअरिंग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते. जुन्या मशीनचा हाच फायदा, तिचे बहुतेक भाग आजही बाजारात आहेत.

मग अम्मीची अट. वीज गेली की चुंबकाची पकड सुटते आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही, असा स्टार्टर बसवला. अब्बांच्या वेळी एवढी एक वस्तू असती तर बोटे वाचली असती. लोखंडी झाकण वेल्डरकडून करून घेतले. पात्याच्या मागे, 8 मिलिमीटरच्या आत, एक पोलादी पाकळी उभी केली. कापलेले लाकूड मिटून पाते चिमटले गेले, तर पाते ते लाकूड कारागिराच्या अंगावर फेकते. 12 इंची पाते मिनिटाला 3000 फेरे घेते, तेव्हा त्याचे दाते ताशी सुमारे 170 किलोमीटरच्या वेगाने धावत असतात. पाकळी कापाच्या फटीत राहून लाकूड मिटू देत नाही. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दात्यांच्या रुंदीपेक्षा पातळ असावी लागते.

1948 च्या कारखाने कायद्याने यंत्राचे धोकादायक भाग झाकणे सक्तीचे केले होते. पण घरच्या तिघा-चौघांच्या दुकानापर्यंत तो कायदा पोहोचत नव्हता. अमेरिकेत 1999 मध्ये स्टीव्ह गॅस यांनी बोट लागताच काही मिलिसेकंदांत पाते थांबवणारी यंत्रणा शोधली. ती आपल्यासारख्यांना महाग आहे. स्टार्टर, झाकण, पाकळी आणि लाकूड ढकलायची काठी मात्र परवडते.

पहिल्या चाचणीत लाकडाची कड काळी पडली, जळाल्याचा वास आला. भाईजानला वाटले पाते बोथट आहे. अब्बांनी मोजून पाहिले, तर लाकूड टेकवायची पट्टी मागच्या बाजूला पात्याकडे एक मिलिमीटर झुकली होती. लाकूड चिमटले जात होते. पट्टी सरळ केली, कड स्वच्छ निघाली.

शुक्रवारी नमाजनंतर अम्मी दुकानात आली. तिने आधी मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करायला लावला. मशीन गप्प राहिली. मग बिस्मिल्ला म्हणून तिने बटण दाबले. भाईजानने नाकाला मास्क बांधला, काठीने सागाची फळी पुढे ढकलली. अब्बा त्याच्या चेहऱ्याकडे नव्हे, बोटांकडे बघत होते.

संध्याकाळी मी हिशेब लिहायला बसले. मशीनची किंमत, टेम्पोचे भाडे, बेअरिंग, पाते, स्टार्टर, झाकण. अम्मीने विचारले, स्टार्टर आणि झाकणाचे मिळून किती झाले? मी आकडा सांगितला. नव्या पात्याच्या किमतीपेक्षा थोडा जास्त होता. ती काही बोलली नाही. अब्बांनी आपला डावा हात मांडीखाली घेतला, तशी त्यांना सवयच आहे.