पेनीची कड, कात्रीची धार

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडच्या बाजारात जवळपास एकच नाणे चालत असे, चांदीची पेनी. बारा पेनींचा शिलिंग आणि २४० पेनींचा पौंड केवळ हिशेबाच्या वहीत असत, त्या नावांची नाणी नव्हती. पेनीचे वजन जेमतेम दीड ग्रॅम. तिची पत मुख्यतः तिच्यातील चांदीवर होती आणि या चांदीचा कस शंभरात साडेब्याण्णव भाग असा ठरलेला होता.

ही पेनी हातोड्याने पाडली जाई. खालचा ठसा लाकडी ठोकळ्यात घट्ट बसविलेला असे. त्यावर चांदीची कोरी चकती ठेवायची, वरचा ठसा हाताने धरायचा आणि घाव घालायचा. घाव तिरका पडला की छाप सरके. त्यामुळे दोन नाणी तंतोतंत सारखी नसत आणि कडा वेड्यावाकड्या असत. ही उणीव लबाडांच्या पथ्यावर पडली. कडेची चांदी कातरून घ्यायची आणि उरलेले नाणे पुऱ्या किमतीला खपवायचे! मुळातच ओबडधोबड असलेली कड कातरली आहे की नाही, हे सांगणार कोण?

राजांचा विश्वास नाणी पाडणाऱ्यांवरही नव्हता. म्हणून पेनीच्या मागील बाजूस पाडणाऱ्याचे नाव आणि टांकसाळीचे गाव उमटविले जाई. नाणे हीणकस निघाले तर धरायचे कोणाला, हे नाण्यावरच लिहिलेले! ११२४ च्या नाताळात पहिल्या हेन्रीने नाणी पाडणाऱ्यांना विंचेस्टरला बोलाविले. तेथे त्यांचे उजवे हात तोडण्यात आले आणि त्यांना खच्ची करण्यात आले.

सुट्ट्या पैशांची अडचण निराळीच. पेनीच्या मागील क्रूसाच्या रेषांवरून तिचे दोन किंवा चार तुकडे करून लोक व्यवहार भागवीत. तिसऱ्या हेन्रीने १२४७ मध्ये याच क्रूसाचे हात थेट कडेपर्यंत लांबविले. कड कातरली की क्रूसाची टोके खुडलेली दिसावीत, हा हेतू. तरीही कात्री थांबली नाही.

त्याची किंमत मोजावी लागली ती ज्यूंना. कातरणीचा आळ घेऊन पहिल्या एडवर्डने १२७८ मध्ये देशभरातील शेकडो ज्यूंना कैद केले आणि अडीचशेहून अधिकांना देहदंड झाला. पकडलेले बरेच ख्रिस्ती मात्र दंड भरून सुटले. १२९० मध्ये तर साऱ्या ज्यू समाजालाच इंग्लंडमधून हाकलण्यात आले. याच एडवर्डने १२७९ पासून नवी नाणी काढली. त्यात अर्ध्या व पाव पेनीची गोल नाणी असल्याने तुकडे करण्याची गरज सरली.

खरा उपाय यंत्राने दिला. १६६२ पासून नाणी यंत्रावर पडू लागली आणि मोठ्या नाण्यांच्या कडेवर अक्षरे आली. जुनी हातोड्याची नाणी मात्र चलनात राहिली. अखेर १६९६ मध्ये, आयझॅक न्यूटन टांकसाळीत अधिकारी म्हणून रुजू झाला त्याच वर्षी, ती सरसकट परत घेण्यात आली. तोवर कातरून कातरून त्यांचे वजन जवळजवळ निम्म्यावर आले होते.