आईचं रक्त, मुलाचं इन्सुलिन

पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांनी १९९३पासून संशोधनासाठी रक्त दिलं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं ते नमुने गोठवून जपले. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या तपासण्या आईच्या नमुन्यांशी ताडून पाहिल्या. दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. (शाकाहारी ताटात ते दूधदुभत्यातूनच मिळतं, तेव्हा नवल नाही.) फोलेट हे दुसरं ब जीवनसत्त्व मात्र एकीचंच कमी. ज्यांचं बी-१२ सर्वांत कमी आणि फोलेट सर्वांत जास्त, त्यांच्या मुलांचं शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. पण म्हणून गरोदरपणातल्या फोलिक ॲसिडच्या (म्हणजे फोलेटच्याच) गोळ्या परस्पर थांबवू नका. डॉक्टरांना बी-१२बद्दलही विचारा.