काजळी कुणाच्या तोंडाला?

पुण्याहून मुंबईला जाणारी रेल्वे लोणावळ्याच्या पुढे बोरघाट उतरते. घाटातली ही वाट १८६३ साली सुरू झाली. वाटेत डोंगर पोखरून केलेले बोगदे आहेत. विजेची इंजिने येण्यापूर्वी इथे गाडी कोळशावर चाले. बोगद्यात धूर कोंडे आणि खिडकीतून काजळी आत येई.

त्या काळचे एक कोडे ऐका. पाटील, सुतार आणि कुंभार गाडीत बसले होते. बोगदा संपला. तिघांचीही तोंडे काळी झाली. आरसा कुणाजवळ नव्हता. प्रत्येकाला दुसऱ्या दोघांची तोंडे दिसत, आपले दिसत नसे. तिघेही हसू लागले. जो तो समजे, आपण स्वच्छ, हे दोघे एकमेकांनाच हसताहेत.

थोड्या वेळाने पाटील हसायचा थांबला. त्याने उपरण्याने तोंड पुसले. कुणी सांगितले नाही, मग त्याला कसे कळले?

पाटलाने असा विचार केला : 'समजा, माझे तोंड स्वच्छ आहे. मग सुताराला काय दिसते? माझे स्वच्छ तोंड आणि कुंभाराचे काळे. कुंभार तर हसतो आहे. स्वच्छ तोंडाला तो कशाला हसेल? मग कुंभार आपल्यालाच हसतो, हे सुताराने ओळखले असते. सुतार काही खुळा नाही. त्याने लगेच तोंड पुसले असते. पण तो तर अजून हसतोच आहे! म्हणजे कुंभाराने हसावे असे दुसरे काळे तोंड त्याला दिसते आहे. ते तोंड माझेच!'

पाहिलेत? सुताराला काय दिसते, हे पाटलाने ताडले. तोच त्याचा आरसा.

असा विचार न केल्याने फौजाही फसतात. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान कोकणात निघाला. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने तो खाली उतरला. आपली वाट शिवाजी महाराजांना ठाऊक असेल काय, हे त्याने जोखले नाही. महाराजांना ती ठाऊक होती. उंबरखिंडीच्या रानात मावळे दबा धरून बसले होते. खान कोंडीत सापडला आणि खंडणी देऊन सुटला.

आपल्यालाही हे उपयोगी आहे, बरं का. 'याला वाचता येत नाही' असे समजून कुणी कागद पुढे करील. तो काय समजतो, हे ओळखा. कागद हाती घ्या, सावकाश वाचा, मगच सही करा.