डबा आणा, दोन भजी जास्त न्या

असरची नमाज झाली की लातूरच्या मोहल्ल्यांमध्ये कढया चढतात. रस्त्याच्या कडेला टेबलं लागतात. कांदा भजी, मिरची भजी, समोसे, मसाला लावलेले चणे, पपई-कलिंगडाच्या फोडी, गुलाबी सरबताची पातेली. मगरीबच्या अजानला तासभर उरलेला असतो आणि गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. रोजा नसलेलेही पुष्कळ जण असतात. ऑफिस सुटल्यावर स्कूटर थांबवून ‘पावशेर मिरची भजी बांधा’ म्हणणारे कुलकर्णी-पाटील इथे कुणाला नवे नाहीत.

या गर्दीत जरा उभं राहून मोजावं. भजी कागदात, मग पन्नीत. हिरवी चटणी छोट्या पन्नीत, वर रबर. चणे तिसऱ्या पन्नीत, फळं चौथ्या. खजुराचा प्लास्टिकचा डबा वेगळा. एका घरचा इफ्तार घरी पोचेपर्यंत पाच पन्न्या झालेल्या असतात आणि अजान होऊन दहा मिनिटांत त्या पाचही कचऱ्यात जातात. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च 2018 मध्ये निघाली. एकदाच वापरून फेकायच्या ताटल्या, पेले, चमच्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. कायदा आहे आणि पन्नीही आहे. गटारीत पाणी तुंबलं की दोन्हींची आठवण होते.

अशाच एका कढईमागे उभ्या असणाऱ्या बापाची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. (लातुरात बी.एस्सी. म्हटलं की पुढचा प्रश्न ‘नीटचं काय झालं?’ असा येतो. तिनं नीट दिलीच नव्हती, हे सांगून ती थकली आहे.) आमच्याच गल्लीत राहते, मला चाचा म्हणते. नाव छापायचं नाही, ही तिची अट. ‘अब्बांचं गिऱ्हाईक तुटेल,’ म्हणाली. अट रास्त आहे, कारण गोष्ट अब्बांच्या कढईचीच आहे.

पर्यावरण हा विषय पदवीच्या मुलांना सक्तीचा असतो आणि त्यात एक प्रकल्प करावा लागतो. बहुतेक मुलं ‘जागतिक तापमानवाढ’ असा भारदस्त विषय घेऊन इंटरनेटवरून वीस पानं उतरवतात. हिनं विषय घेतला ‘आमच्या घरचा कचरा’. शाबानपासून, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यापासून, रोजचा कचरा तराजूवर तोलून वहीत लिहिला. रमजान लागला तसा आकडा वाढत गेला. दिवसाचे तेरा तास अन्नाचा कण आणि पाण्याचा थेंब न घेणाऱ्या घरात उष्टं आणि पन्न्या नेहमीपेक्षा जास्त निघत होत्या. तिला हे पटेना. तिनं वही अब्बांपुढे ठेवली. अब्बांनी ती बंद करून तिच्या हातात परत दिली आणि कांदे चिरायला बसवलं.

कांदे चिरता चिरता तिचं लक्ष तेलाकडे गेलं. कालचं तेल, त्यात परवाचं, वर आज ओतलेलं ताजं. रंग काळ्या चहासारखा. रसायनशास्त्राच्या पुस्तकात जे वाचलं ते इथे कढईत होतं. तेल पुन्हा पुन्हा तापलं, त्यात पिठाचे कण जळत राहिले, भज्यांतलं पाणी उतरलं की तेलाचे रेणू तुटतात आणि ‘पोलर कंपाउंड’ म्हणतात ते पदार्थ वाढत जातात. तळणाच्या तेलात त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून देशभर लागू आहे. हे प्रमाण मोजायचं यंत्र असतं, ते गल्लीतल्या भजीवाल्याकडे कुठून येणार? पण डोळ्यांना आणि नाकाला कळतं. तेल दाट होतं, फेस बसत नाही, आच फार नसतानाही धूर येतो, वास खवट होतो.

‘अब्बा, हे तेल फेका.’ या वाक्यावरून त्या घरात दोन दिवस अबोला होता, असं तिची आई सांगते. बापाची बाजूही ऐकायला हवी. वर्षभर तो दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काम करतो. रमजानचा एक महिना ही स्वतःची कढई. या महिन्याच्या कमाईवर ईदचे कपडे निघतात आणि मुलीची फीही. तेलाचा डबा आणताना हात थरथरतो आणि मुलगी म्हणते ओतून द्या! आरोग्यावर लिहिणारे आम्ही लोक ‘ताजं तेल वापरा’ असं एका ओळीत लिहून मोकळे होतो. त्या ओळीची किंमत कोण भरणार, हे लिहीत नाही.

मुलीनं मग वाद सोडला आणि हिशोब धरला. मोठ्या कढईऐवजी लहान, खोल कढई आणली. तेल कमी लागतं आणि रोजच्या रोज संपत येतं. दोन घाण्यांच्या मध्ये आच कमी करायची, तेल उगाच तापत ठेवायचं नाही. जळका चुरा झाऱ्यानं सतत काढायचा. रात्री तेल निवल्यावर मलमलीच्या फडक्यातून गाळायचं, झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी एकदाच वापरायचं. तिसऱ्या दिवशी नाही म्हणजे नाही. या बाबतीत तिनं बापाचं काहीच ऐकलं नाही. तळणाच्या शेजारी वाफवलेल्या हरभऱ्यांचं पातेलं ठेवलं. वर कांदा, लिंबू, कोथिंबीर. हरभऱ्याला तेल लागत नाही आणि नफा भज्यांपेक्षा बरा सुटतो, हे अब्बांच्या चौथ्या दिवशी लक्षात आलं. भजी मात्र बंद झालेली नाहीत, होणारही नाहीत. तेरा तासांच्या उपासानंतर माणसाला कुरकुरीत काहीतरी हवं असतं. मलाही हवं असतं.

पन्नीचा प्रश्न तिनं एका पाटीनं सोडवायला घेतला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर मराठीत आणि उर्दूत लिहिलं: ‘डबा आणा, दोन भजी जास्त न्या.’ पहिल्या दिवशी दोन मुलं डबे घेऊन आली. दोघंही तिच्याच मावशीची. पुढे बायका येऊ लागल्या, कारण डब्यात भजी गरम राहतात आणि चटणी सांडत नाही. स्कूटरवाले अजून हात हलवतच येतात. त्यांच्यासाठी कागदाच्या पिशव्या आहेत. त्या तिनं आणि लहान भावानं वर्तमानपत्रांच्या केल्या होत्या. त्यावर तिच्या बाईंनी कॉलेजात हटकलं. छपाईची शाई गरम तेलकट पदार्थात उतरते, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधूच नयेत. आता कोऱ्या कागदाच्या करतात. वर्तमानपत्रात हे छापून आणताना मला थोडी मौज वाटते आहे, पण गोष्ट खरी आहे.

खरी अडचण सामुदायिक इफ्तारला आली. मोहल्ल्यात एका शुक्रवारी दीडेकशे माणसं एकत्र रोजा सोडतात. दरवर्षी कागदी कप, चकाकणाऱ्या ताटल्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या. कागदी कप म्हणजे चांगलं, अशी आपली समजूत असते. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की अशा कपात 100 मिलिलिटर गरम पेय 15 मिनिटं राहिलं तर प्लास्टिकचे सुमारे 25 हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. मुलीनं स्टीलच्या ताटल्या-पेल्यांचा आग्रह धरला. त्यावर तिची दादी एवढंच म्हणाली, ‘और धोने को पानी?’

दादीला हे विचारायचा हक्क आहे. लातुरात पाण्यावर बोलताना 2016 साल वगळता येत नाही. मांजरा धरण आटलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून 5 लाख लिटर, नंतर 50 वाघिणींची गाडी, 25 लाख लिटर. त्या वर्षी रमजान जूनमध्ये होता आणि रेल्वेचं पाणी तेव्हाही सुरूच होतं. दादीनं तेव्हा टँकरच्या रांगेत रोज्याच्या तोंडानं घागरी लावल्या. नात आठ-नऊ वर्षांची होती. तिला रांगेतली भांडणं आठवतात आणि भांडी घासायला राख वापरलेली आठवते.

तेव्हा दीडशे ताटल्या, दीडशे पेले धुवायचे तर किती पाणी जाईल? कचरा वाचवायचा की पाणी? पुस्तकात हे दोन धडे वेगवेगळ्या पानांवर असतात, लातुरात एकाच ताटात येतात. तोड शेवटी जुनीच निघाली. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण आले. धुवायला नको आणि नंतर खतात जातात. लग्नकार्यात, भंडाऱ्यात आपण सगळेच यांवर जेवलो आहोत. मधल्या काळात चकाकीला भुललो. पाण्यासाठी मात्र स्टीलचे पेले ठेवले, आणि जवळच्यांनी आपला पेला घरून आणायचा असं ठरलं. अर्ध्या लोकांनी आणला नाही. पेले धुवायची वेळ आली तेव्हा तरुण मंडळी तरावीहच्या घाईत होती आणि पेले कुणी धुतले, हे सांगायला नको. पुढच्या शुक्रवारी मुलांनी धुवायचे, असा ठराव मुलींनी केला आहे.

वुजूच्या पाण्याचं काम तिला सगळ्यात सोपं गेलं. नमाजआधी हात, तोंड, पाय धुतात त्याला वुजू म्हणतात. दिवसातून पाच वेळा. रमजानमध्ये मशिदीत गर्दी वाढते, तसं पाणीही वाढतं. तिनं घरी नळाखाली बादली ठेवून नेहमीसारखा वुजू केला. बादली अर्ध्यावर आली. मग दादीच्या तोटीच्या लोट्यानं केला. एका लोट्यात झाला. पैगंबरसाहेब एक ‘मुद’ पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. आजच्या मापात पाऊण लिटरच्या आतबाहेर, त्यात विद्वानांचे थोडे मतभेद आहेत. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी वाया घालवू नका, ही शिकवणही आपल्याकडे जुम्याच्या बयानात अनेकदा सांगतात. ते ऐकून बाहेर आलेला माणूस नळ सोडून शेजाऱ्याशी गप्पा मारत पाय धुतो, हेही आपण पाहतो. आता तिच्या घरी तोटीचा लोटा पुन्हा न्हाणीत आला आहे आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला वापरतात.

आईचं प्रकरण नाजूक होतं. तिला मधुमेह आहे. आजाऱ्याला रोज्यातून सूट कुरआननंच दिली आहे, पण आमच्या आयाबायांना ती सूट घेणं म्हणजे कमीपणा वाटतो. मुलगी तिला रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे घेऊन गेली; गोळ्यांच्या वेळा बदलून मिळाल्या. दिवसा बोटाला सुई टोचून साखर तपासायला आई तयार नव्हती, रोजा मोडेल म्हणून. मौलानांना विचारलं. मोडत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर त्या क्षणी रोजा सोडायचा, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे. बाराव्या रोज्याला दुपारी आईला घाम फुटला. तपासलं तर 64. मुलीनं साखरपाणी पुढे धरलं. आई पाच मिनिटं रडली, मग प्यायली. त्या दिवसानंतर आईनं तीन रोजे सोडले आहेत आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

सहेरीचं ताट मात्र सगळ्यांचंच बदललं. पहाटे दुधात भिजवलेली फेणी, पाव, खारी जाऊन ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, दही आलं. मैदा आणि साखर लवकर पचतात, अकरा वाजताच पोट कोकलतं. भाकरी-वरण हळूहळू उतरतं. लोणचं-पापड सहेरीला बंद, कारण मिठानं दिवसभर तहान लागते. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं तेव्हा शहरातल्या हॉटेलांत ज्वारीचे पिझ्झे आले. मराठवाड्यातल्या पहाटेच्या चुलीला त्याची गरज नव्हती. भाकरी थापायला पहाटे तीनला कोण उठणार, एवढाच प्रश्न होता. पहिले आठ दिवस दादी उठली. आता मुलगी थापते. कडा फाटतात, पण खपतात.

इफ्तारला तीन खजूर, साधं पाणी, द्रोणभर हरभरे, एखादं फळ. मग नमाज, मग जेवण. अब्बा अजून कढईजवळून उठून येतात ते दोन भजी हातात घेऊनच. त्याबद्दल ती काही म्हणत नाही.

वापरून झालेलं तेल गटारीत ओतायचं नाही, हा तिचा शेवटचा हट्ट. त्या तेलापासून बायोडिझेल होतं आणि असं तेल गोळा करण्याची योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्येच आणली. आमच्या गल्लीपर्यंत ते घ्यायला कुणी आलेलं नाही. मोठ्या हॉटेलांचं तेल नेणाऱ्या एकाला तिनं विचारलं, तर तो म्हणाला, इतक्या थोड्यासाठी गाडी परवडत नाही. आता ती शेजारच्या सहा भजीवाल्यांना सांगते आहे की तुमचंही ठेवा, एकत्र देऊ. दोघांनी होकार दिला आहे. जिन्याखाली झाकण लावलेला कॅन उभा आहे. काल बघितला तेव्हा अर्ध्याच्या थोडा वर भरला होता.